६४ किलोबाइटमधला शूरवीर

जव्हार तालुक्यातील जामसरला किंवा शेजारच्या मोखाड्याला जे राहतात, त्यांना बोहाडा म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. होळीनंतरच्या दिवसांत या भागातील गावांत रात्री सोंगे निघतात. काल शेतात राबणारा ओळखीचा माणूस कागदाच्या लगद्याचा किंवा लाकडाचा मुखवटा चढवून संबळाच्या तालावर नाचत येतो, तेव्हा तो गणपती असतो, रावण असतो, नाहीतर महिषासुर. मुखवटा उतरला की पुन्हा आपला शेजारी!

सोंग घेण्याची ही हौस जगभर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसायचे. कोणी योद्धा व्हायचे, कोणी जादूगार. येथे मुखवट्याच्या जागी आकडे आले. ताकद इतकी, चपळाई इतकी. आणि आकडे आले म्हटल्यावर संगणक मागे कसा राहील? १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकावरचे खेळ निघाले. त्यांवरून स्फूर्ती घेऊन जपानात युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. २७ मे १९८६ रोजी तो फॅमिकॉम या दूरदर्शन संचाला जोडण्याच्या खेळयंत्रासाठी विक्रीस आला. आज तो मोबाइलवरही मिळतो. राजा, कैदेतली राजकन्या आणि ड्रॅगनांचा दुष्ट राजा, एवढीच गोष्ट. आजीच्या गोष्टीहून नवी नाही. पण या खेळाचे गुण आणि दोष एकाच मुळातून कसे उगवले, हे पाहण्यासारखे आहे.

ते मूळ म्हणजे स्मृतीची टंचाई. सारा खेळ ६४ किलोबाइटमध्ये, म्हणजे ६५,५३६ बाइटमध्ये बसवायचा होता. देवनागरीतील एक अक्षरचिन्ह आजच्या संगणकात साधारणपणे ३ बाइट जागा घेते. त्या हिशोबाने तुम्ही वाचता आहात तेवढे पाचेक लेख साठवले की जागा संपली! तेवढ्यात नकाशा, राक्षस, संगीत आणि संवाद, सारे आले. जपानी भाषेतील काताकाना या लिपीची सर्व अक्षरे ठेवणे परवडेना, म्हणून सुमारे २० अक्षरांवर भागवले आणि राक्षसांची व गावांची नावे त्यांतूनच जुळवली. अशी बाराखडी छाटून तुम्हाला निबंध लिहायला सांगितला तर?

खेळ अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करण्याची युक्तीही अशीच काटकसरीची. राजा तुम्हाला २० अक्षरांचा एक मंत्र सांगे. तो वहीत उतरवून घ्यायचा. प्रत्येक अक्षर ६४ चिन्हांपैकी एक असल्याने त्यात ६ बिट माहिती मावते. २० अक्षरांत १२० बिट. वीराचे नाव, अनुभव, धन आणि सामान एवढ्यात आले. त्याची पायरी साठवलेली नसे, कारण अनुभवाच्या आकड्यावरून ती काढता येते. उतरवताना एक अक्षर चुकले की मंत्र चालत नसे आणि कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. ही युक्ती मला हुशारीची वाटते, पण ती मुलांना महाग पडली असणार.

आता लढाई. वीराच्या मारक शक्तीतून राक्षसाच्या बचावाचा निम्मा आकडा वजा करा. जी बाकी उरेल तिच्या चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत कितीही इजा होऊ शकते. नेमकी किती, ते संगणकाचा फासा ठरवतो. समजा, शक्ती २० आणि बचाव ८. बाकी १६, म्हणून इजा ४ ते ८. यात बोटांच्या चपळाईला काम नाही, घाई नाही. वीर पडला तर निम्मे धन जाते, पण अनुभव कायम राहतो. मंद खेळणाऱ्यालाही शेवट गाठता येतो, हा या खेळाचा मोठा गुण. दुसरा गुण नकाशाचा. पहिले पाऊल टाकताच शत्रूचा किल्ला पाण्यापलीकडे समोर दिसतो, आणि तेथे पोहोचायला सारा मुलूख हिंडावा लागतो! पूल ओलांडला की राक्षस जबर होतात. पाटी लावलेली नसते. एकदा मार खाल्ला की कळते.

मग दोष कोणता? तोच आकडा. सर्वांत दुबळा राक्षस म्हणजे ‘स्लाइम’ नावाचा थेंबासारखा बुळबुळीत गोळा. त्याला मारल्यास अनुभवाचा १ गुण मिळतो. दुसऱ्या पायरीसाठी ७ गुण लागतात, तिसरीसाठी २३, चौथीसाठी ४७. शेवटची, तिसावी पायरी ६५,५३५ गुणांवर आहे. १६ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. केवळ हेच गोळे मारत बसलात आणि एका लढाईला अर्धा मिनिट धरला, तर ५४६ तास लागतील. पुढचे राक्षस अधिक गुण देतात, त्यामुळे प्रत्यक्षात इतका वेळ लागत नाही; तरी त्याच लढाया पुन्हा पुन्हा लढाव्या लागतातच. नव्या प्रसंगांना जागा नव्हती, म्हणून जुनेच प्रसंग ताणले. आणि एवढे करून वाढतो तो वीराचा आकडा. बोहाड्यात नाचणाऱ्याच्या पायांत ताल भिनतो, तसे खेळणाऱ्याच्या अंगात येथे फारसे काही भिनत नाही. सुट्टीतले तास मोजताना हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

सोंग म्हणूनही खेळ तोकडाच. सुटका झालेली राजकन्या एक प्रश्न विचारते. ‘नाही’ म्हटले तर ‘होय’ म्हणेपर्यंत तोच प्रश्न चालू! मात्र शेवटी शत्रू विचारतो, “माझ्या बाजूला येतोस? अर्धे जग देतो.” येथे ‘होय’ म्हणण्याची खरी मुभा आहे, आणि ते म्हटले की खेळ तिथेच बुडतो. सगळ्या खेळात मला आवडलेली जागा हीच.

एक प्रयोग करा. वहीत वीराची शक्ती २० आणि राक्षसाचा बचाव ८ लिहा. राक्षसाचा जीव १५ धरा. ४ ते ८ असे पाच आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका. दर फटक्याला एक चिठ्ठी काढा, तेवढा जीव वजा करा आणि चिठ्ठी पुन्हा डब्यात टाका. राक्षस किती फटक्यांत पडतो? अशा २३ लढाया करून फटक्यांची सरासरी काढा. शेजारी मित्राला बसवा आणि त्याला कितव्या लढाईला जांभई आली, तेही नोंदवा.