सही करण्याआधी...

परीक्षा संपली त्या दिवशी लेक दप्तर दिवाणावर फेकून एक चिठ्ठी नाचवतच घरात आली. ‘मम्मी, यावर सही कर. आत्ताच!’ चिठ्ठीवर लिहिलं होतं - उन्हाळी शिबिर, मे महिन्यात दहा दिवस, सकाळी साडेसात ते अकरा. गाणी, गोष्टी, हस्तकला, खेळ. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. शिबिर तिच्याच शाळेच्या आवारात. शाळा ख्रिस्ती संस्थेची. जिवलग मैत्रीण जाणार, म्हणून हिलाही जायचंच होतं.

मी पेन शोधत होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, ‘गोष्टी कुणाच्या सांगणारेत गं तिथं?’

पेन हातातच राहिलं.

खरं सांगू का मैत्रिणींनो, याच शाळेत मुलीचं नाव घालताना हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. शिस्त चांगली, इंग्रजी चांगलं, एवढंच पाहिलं होतं. दहा दिवसांच्या शिबिरासाठी मात्र पोटात गोळा आला. शेजारच्या काकूंनी भर घातली, ‘उगं लेकराला नादी लावतील बघ.’ शेवटी लातूरला आईला फोन केला. ती म्हणाली, ‘मग जाऊन बघून ये की. नांदेडात घरात बसून काय कळायलंय तुला?’

तेही खरंच! दुसऱ्या दिवशी लेकीच्या मैत्रिणीच्या आईला गाठलं. ती स्वतः या शिबिरात लहान गटाला शिकवते. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, ‘याला आम्ही व्हीबीएस म्हणतो. सुट्टीतली बायबल शाळा. गोष्टी बायबलमधल्याच असतात. रोज एक वचन पाठ करायचं, हातवारे करत गाणी म्हणायची, कागदकाम, खेळ, खाऊ. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम.’

ही पद्धत जुनी आहे. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉस नावाच्या बाईंनी पाहिलं, की गरीब वस्तीतली मुलं सुट्टीत रस्त्यावर भटकतात. त्यांना रोज एकत्र बसवायचं तर जागा हवी. म्हणून त्यांनी चक्क एक बिअरचा गुत्ता भाड्यानं घेतला आणि तिथं मुलांची शाळा भरवली! आज जगभरातल्या चर्चमध्ये सुट्टीत अशी शिबिरं भरतात.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? माझा लातूरचा भाचा वारकरी बालसंस्कार शिबिरात राहून आला. हरिपाठ, पावली, मृदंग शिकला. ट्यूशनच्या त्या गावात त्याला तेवढीच काय ती सुट्टी मिळाली. शीख मुलांना गुरमुखी आणि कीर्तन शिकवणारी शिबिरं असतात, मुस्लिम मुलांचे सुट्टीतले दीनी वर्ग असतात. आपल्या लेकरांना आपला देव कळावा, असं प्रत्येक आईला वाटतंच. प्रश्न येतो तो दुसऱ्याचं लेकरू तिथं गेल्यावर.

मी सही केली. पहिले काही दिवस मजेत गेले. एके दिवशी लेक आजीला गोष्ट सांगत होती - एका वाटसरूला चोरांनी लुटून अर्धमेला टाकलं. देवळातली मोठी माणसं बाजूनं निघून गेली. ज्याला सगळे हलका समजत, त्या शोमरोनी माणसानं मात्र त्याच्या जखमा बांधल्या. सासूबाई मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘अगं, आपल्या पैठणच्या नाथांनी पण असंच केलं. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती, ती तहानलेल्या गाढवाला पाजली.’ लेकीनं दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शिबिरात जाऊन सांगितली.

मी निर्धास्त झाले. आणि सहाव्या दिवशी, जेवताना, लेक म्हणाली, ‘आजी, तुझे देवघरातले देव खोटे असतात का गं?’

सगळे घास थांबले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ताट तसंच ठेवून उठल्या.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी तडक शिबिरात गेले. शिकवणाऱ्या मॅडम शांतपणे ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, ‘देव एकच, ही आमची श्रद्धा आहे, ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण आजीच्या देवाला खोटं म्हणा, असं मी शिकवलेलं नाही. मुलीनं तसं समजून घेतलं असेल तर माझं सांगणं चुकलं.’ माझं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. पण ‘चुकलं’ हा शब्द मोठ्या माणसाच्या तोंडून सहज निघत नाही, हेही तितकंच खरं.

फाटकाशी लेकीच्या मैत्रिणीची आई भेटली. मी रागातच होते. तिनं ऐकलं आणि म्हणाली, ‘ताई, तुम्हाला हे दहा दिवस आहे. माझी मुलं लहान होती तेव्हापासून विचारतात - सत्यनारायणाचा प्रसाद घ्यायचा का? सरस्वतीपूजनाला हात जोडायचे का? आपण वेगळे का? मी दर वेळी त्यांना जवळ घेऊन बसते.’

काय बोलणार होते मी? एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींच्या आम्ही आया. तिच्या घरात हा प्रश्न रोजचा आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मीही लेकीला जवळ घेऊन बसले. म्हटलं, ‘ती त्यांची श्रद्धा, ही आजीची. कुणाच्या देवाला खोटं म्हणायचं नाही. तुला काय वाटतं ते मोठी झाल्यावर ठरव.’ ती उठली आणि आजीच्या कुशीत शिरली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याशी मात्र दोन दिवस तुटकच बोलत होत्या.

या निमित्तानं एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही सांगते. आपल्या संविधानाचं कलम २८(३) सांगतं, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे ती चिठ्ठीवरची रेघ नुसती रेघ नाही, तो आपला हक्क आहे. शिबिर कोणत्याही धर्माचं असो, सही करण्याआधी विचारा - काय शिकवणार? कोण शिकवणार? प्रार्थनेत भाग घ्यायचा नसेल तर चालेल का? मुलींजवळ बाई माणूस असेल ना? उन्हाच्या आत घरी सोडणार ना? मधल्या वेळात आईला येऊन बसता येईल का? मोकळेपणानं उत्तर देणारी माणसं असतील तर निम्मी काळजी तिथंच मिटते. आणि उरलेली निम्मी? रोज संध्याकाळी ‘आज काय ऐकलंस?’ असं विचारल्यानं मिटते.

शिबिर संपलं तेव्हा मी मॅडमना एवढंच म्हटलं, ‘चिठ्ठीवर बायबलच्या गोष्टी असं स्पष्ट लिहीत जा.’ यंदाच्या चिठ्ठीवर ते छापून आलंय. लेकीला पुन्हा जायचंय. चिठ्ठी दोन दिवस फ्रिजवर तशीच होती. काल सासूबाईच म्हणाल्या, ‘सही करायलीस का नाही? का परत लातूरला फोन लावतीस?’

मी पेन शोधलं.