पाण्याचा जमाखर्च: ऑक्सिजन पहाटेच मोजा



पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तेव्हा सगळ्यात कमी असतो. शेवाळ तो फक्त उन्हात तयार करतं. मासे, किडे, जिवाणू मात्र रात्रंदिवस वापरतात.

समजा, संध्याकाळी सहाला लिटरमागे ८ मिलिग्रॅम होता, सकाळी सहाला ५. रात्रीचा खर्च ३, म्हणजे दिवसरात्रीचा साधारण ६. संध्याकाळी परत ८ झाला, तर कमाईही ६. ७ वरच थांबला, तर पाणी तोट्यात. वाऱ्यानेही थोडा फरक पडतो.

खाडीत भरती-ओहोटीने पाणीच बदलतं, म्हणून खारटपणाही सोबत मोजतात. आपल्या खानापूर तालुक्यातली म्हादई गोव्यात मांडवी होते. मांडवी-झुआरीच्या खाड्यांवरचा गोव्यातल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पावसाळा सोडून कमाई जास्त, पावसाळ्यात खर्च जास्त. पाणी गढूळ, ऊन कमी आणि वरून वाहून आलेला पालापाचोळा कुजतो.

तलाव-धरणातही हेच. दुपारचा आकडा फसवतो. पहाटे ३ च्या खाली दिसला, तर त्या सकाळी माशांना खाद्य टाकू नका, पाणी हलवा.

आपली पहाटेची नोंद खाली कळवा.