कातडीखालील चरबीची गाठ

स्नान करताना किंवा अंगाला तेल चोळताना खांद्यावर अथवा पाठीवर एखादी मऊ गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, म्हणून एक मनुष्य तिच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो. दुसरा तिला कर्करोग समजून रात्ररात्र तळमळत राहतो. गाठीचे स्वरूप जाणून घेण्याआधीच दोघांनीही आपला निर्णय करून टाकलेला असतो.

आपल्या त्वचेखाली मेदपेशींचा एक थर असतो. शरीराची ऊब राखणे, आघात सौम्य करणे आणि अन्नातील शिल्लक ऊर्जा साठवून ठेवणे ही त्याची कार्ये होत. कधी कधी या पेशींचा एखादा लहानसा समूह स्वतंत्रपणे वाढू लागतो व त्याभोवती तंतूंचे पातळ आवरण तयार होते. या गाठीस मेदार्बुद म्हणतात. डॉक्टर तिला 'लायपोमा' म्हणतात. शरीराच्या मऊ भागांत उद्भवणाऱ्या अर्बुदांत हेच सर्वांत अधिक आढळते, आणि ते विशेषतः ४० ते ६० या वयात दिसून येते. अशा अनेक गाठींतील पेशींच्या १२ व्या गुणसूत्रात बदल झालेले आढळले आहेत. काही कुटुंबांत ही प्रवृत्ती आनुवंशिक असते व एकाच व्यक्तीच्या अंगावर अनेक गाठी येतात.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मेदापासून होणाऱ्या ग्रंथीचे वर्णन आहे. ती स्निग्ध, मोठी व अल्प वेदना देणारी असून शरीराबरोबर वाढते आणि घटते, असे तेथे म्हटले आहे. यातील पहिला भाग आजही पटण्याजोगा आहे. दुसऱ्या भागात मात्र दुरुस्ती करावी लागते. मनुष्य कृश झाला तरी मेदार्बुदातील चरबी सहसा खर्ची पडत नाही. त्यामुळे उपवासाने किंवा व्यायामाने गाठ विरघळेल, ही आशा व्यर्थ होय.

मेदार्बुद बहुधा ५ सेंटिमीटरांहून लहान असते. ते भिजवलेल्या कणकेसारखे मऊ लागते आणि कडेला दाबले असता बोटाखालून निसटते. ते अगदी सावकाश वाढते व बहुतेकांना त्यापासून काहीही अपाय होत नाही. क्वचित ते मज्जातंतूवर दाब आणते. कोपराजवळ खोलवर असलेल्या अशा गाठीमुळे हाताची बोटे सरळ करणे कठीण झाल्याची उदाहरणे आहेत. आतड्यात मोठी गाठ झाल्यास अन्नमार्गात अडथळा येऊ शकतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. दुखत नाही म्हणून गाठ निरुपद्रवी, हे अनुमान बरोबर नाही. मारक अर्बुदही आरंभी बहुधा दुखत नाही. उलट रक्तवाहिन्या अधिक असलेली काही साधी मेदार्बुदे दुखतात. साध्या मेदार्बुदाचे कर्करोगात रूपांतर होणे जवळजवळ अशक्य असले, तरी मेदपेशींचे मारक अर्बुद हा एक वेगळाच रोग आहे आणि सुरुवातीस तो साध्या गाठीसारखा भासू शकतो. म्हणून ५ सेंटिमीटरांहून मोठी, झपाट्याने वाढणारी, कठीण, खोलवर रुतलेली किंवा नव्याने दुखू लागलेली गाठ विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी. मानेतील गाठ क्षयजन्य गंडमाळेची असू शकते. स्तनातील कोणतीही गाठ तर कधीच उपेक्षू नये.

अनुभवी डॉक्टरांना पुष्कळदा केवळ हाताने चाचपून निदान करता येते. शंका असल्यास ध्वनिलहरींच्या साहाय्याने चित्र घेतात अथवा गाठीचा सूक्ष्म अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. साधे मेदार्बुद तसेच राहू दिले तरी चालते. ते अडचणीचे वा कुरूप वाटत असल्यास त्या जागेपुरती बधिरता आणून लहानशा शस्त्रक्रियेने काढता येते. आवरणासह पूर्ण निघाल्यास ते क्वचितच पुन्हा उद्भवते. बिब्बा लावणे किंवा डाग देणे यांनी मात्र गाठ जात नाही. कातडी भाजून व्रण होतात, आणि गाठ मारक असल्यास उपचाराचा मोलाचा काळ हातचा निघून जातो.

हाताला गाठ लागली म्हणजे भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु ती एकदा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि पुढे तिच्या आकारावर लक्ष ठेवावे. बहुतेकांना तेवढ्यानेच निश्चिंत होता येते, आणि ज्या थोड्यांच्या बाबतीत धोका असतो, त्यांना उपचारासाठी वेळ मिळतो.