क्षणाचा नाद आणि चित्ताचा विक्षेप

मन चंचल आहे, ही तक्रार नवी नाहीं. कुरुक्षेत्रावर अर्जुनानें ती श्रीकृष्णापाशीं केली, आणि अभ्यास व वैराग्य हे तिच्यावरील उपायहि त्यास तेथेंच कळले. परंतु अर्जुनाचें मन आपल्याच वेगानें धांवत होतें. हल्लींच्या विद्यार्थ्याच्या मनास शेजारीं ठेवलेला मोबाईल घटकोघटकीं हांक मारीत असतो.

मुलानें पुस्तक उघडलें आणि फोन हातीं घेतला नाहीं, म्हणजे अभ्यास नीट चालला, अशी पुष्कळ वडीलमंडळींची समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. अमेरिकेंतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठांत झालेला एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. पडद्यावर एकामागून एक अंक येत. प्रत्येक अंकास कळ दाबावयाची, मात्र ३ हा अंक येतांच हात आवरावयाचा, असें काम विद्यार्थ्यांस दिलें होतें. मध्येंच कांहींच्या फोनवर घंटा वाजली, कांहींस संदेश आला. त्यांनीं फोनला हातहि लावला नाहीं. तरी त्यांच्या चुका वाढल्या. कारण उघड आहे. एकदां कान तिकडे गेला कीं, ‘कोण असेल, काय असेल’ हा विचार मनांत घर करून बसतो.

हानि किती, हें संस्कृत शिकणारास सहज पटेल. लांब वाक्याचा अन्वय लावितांना कर्ता, कर्म व त्यांचीं विशेषणें क्रियापद सांपडेपर्यंत मनांत धरून ठेवावीं लागतात. भूमितींतहि पक्षापासून साध्यापर्यंतच्या पायऱ्या अशाच धराव्या लागतात. मध्येंच नाद झाला कीं हातांतलें सारें सुटतें, आणि आरंभापासून पुन्हां जुळवावें लागतें. नाद क्षणाचा, पण परतीची वाट लांब.

म्हणून केवळ मनोनिग्रहाचा उपदेश पुरेसा नाहीं. अनावश्यक सूचना बंद ठेवून निवडक माणसांचेच फोन येऊं देण्याची सोय यंत्रांतच आहे. ती घरांतील प्रत्येकानें शिकून घ्यावी. दिवेलागणीनंतर दोन तास सर्वांचे फोन दुसऱ्या खोलींत ठेवावे. सर्वांचे म्हणजे आजोबांचेहि! कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ फुलांचीं चित्रें व सुविचार धाडणारे बहुधा आपण वृद्धच असतों, आणि आपला तो प्रेमळ सुविचार नेमका नातवाच्या पुस्तकावर जाऊन आदळतो.

मुलें उपदेश ऐकण्यापेक्षां आचरण पाहून अधिक शिकतात. ज्या घरांत वडील माणूस घटकाभर स्वस्थपणें वाचीत बसतो, त्या घरांत एकाग्रता निराळी शिकवावी लागत नाहीं.