गवताळ जमिनीतील नत्राची गळती

विहिरीच्या ओलितावर संकरित नेपिअरसारखी बहुवर्षायू वैरण घेणाऱ्या शेतकऱ्यास प्रत्येक कापणीनंतर नत्रखत द्यावे लागते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. परंतु ते सर्व गवतास मिळतेच असे नाही. प्रतिकूल परिस्थितीत त्याचा पाव हिश्श्याहून अधिक भाग, म्हणजे पाच किलोंहून अधिक नत्र, काही दिवसांतच हवेत नाहीसे होते. बुलढाणा जिल्ह्याच्या जमिनींचे स्वरूप पाहता ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

नत्र जाते कोठे?

ओलसर जमिनीवर पडलेल्या युरियापासून मातीतील व कुजक्या पाल्यातील विकरांमुळे अमोनिया बनतो. चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या जमिनीत तो टिकून न राहता उडून जातो. कपाशीत डवऱ्याने खत मातीआड करता येते. उभ्या गवतात ती सोय नसल्याने नुकसान वाढते.

दुसरी वाट पाण्याची. नायट्रेटरूपातील नत्र मातीच्या कणांस धरून राहत नाही. घाटावरील हलक्या, मुरमाड जमिनीतून ते पावसासरशी झिरपून विहिरींत उतरते. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील भारी जमिनीत पाणी तुंबले, की जिवाणू त्याचे वायूत रूपांतर करतात. त्यांपैकी नायट्रस ऑक्साइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवितो.

गळती कशी रोखावी?

नत्राची मात्रा कापणीनिहाय विभागून द्यावी. युरिया कोरड्या जमिनीवर टाकून लगेच बेताचे पाणी द्यावे, म्हणजे तो मुळांपाशी उतरतो. ओल्या जमिनीवर टाकून उन्हात तसाच ठेवू नये. मुसळधार पावसाच्या तोंडावरही देऊ नये. २०१५ मध्ये देशी युरियास निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले. त्यामुळे नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते. अमोनियाचे उडणे मात्र थांबत नाही, हे विसरू नये. गवतात स्टायलोसारखे द्विदल वैरण पीक मिसळल्यास खताची गरजही कमी होते.

गावाचा प्रश्न

हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या बालकांस अपायकारक ठरू शकते, आणि पाणी उकळून ते जात नाही. म्हणून ग्रामपंचायतींनी विहिरींच्या पाण्याची तपासणी नियमित करून घ्यावी आणि शिक्षकांनी तिचा अर्थ घरोघरी पोहोचवावा. वाचलेले नत्र वैरणीत राहील, तेव्हा शेतकऱ्याचा पैसा आणि गावाचे पाणी ही दोन्ही सुरक्षित राहतील.