पॅच आला म्हणजे लागला असे नव्हे

पॅचचा मेटाडेटा म्हणजे पॅचबरोबर येणारी त्याची माहिती: तो कोणत्या आवृत्तीसाठी आहे, कोणती त्रुटी बुजवतो, कोणत्या जुन्या पॅचची जागा घेतो, लावल्यावर मशीन रीस्टार्ट करावे लागते का. कोणत्या मशीनला काय हवे, हे अ‍ॅडमिनची साधने याच माहितीवरून ठरवतात.

कंपनीने पॅच काढला की धोका टळला, हा पॅचबाबतचा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. सिंगापूरच्या सिंगहेल्थ या आरोग्यसमूहातून २०१८ च्या जून-जुलैत सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. तत्कालीन पंतप्रधान ली श्येन लूंग यांच्या औषधांची नोंदही त्यात होती. चौकशी समितीचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये आला. हल्लेखोरांनी वापरलेले एक साधन कोणालाही सहज मिळणारे होते. त्याला रोखणारा पॅच उपलब्ध होता, पण शिरकाव झालेल्या एका वर्कस्टेशनवरील आउटलुकला तो लावलेला नव्हता. कमकुवत पासवर्डसारख्या इतर चुकाही होत्याच. तरीही प्रत्येक मशीनवर नेमके काय बाकी आहे हे माहीत असणे किती मोलाचे, हे या घटनेइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

सर्व्हरवर पॅचची यादी उतरली म्हणजे पॅचही उतरले, असेही अनेकांना वाटते. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएसयूएस या अपडेट वाटणाऱ्या सर्व्हर-प्रणालीत मेटाडेटा आधी येतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये पॅचच्या फाइल्स मंजुरी दिल्यावरच येतात.

यादीतला प्रत्येक पॅच लावलाच पाहिजे, हाही गैरसमजच. विंडोज १० पासूनचे मासिक अपडेट एकत्रित असतात. एप्रिलचे लावले की मार्चमधल्या दुरुस्त्या त्यातच येतात, आणि मार्चचा पॅच ‘जागा घेतली गेलेला’ ठरतो. असे जुने पॅच यादीत साचले की सर्व्हर मंदावतो आणि मशीनची तपासणी रेंगाळते, म्हणून ते नाकारून यादी साफ ठेवावी. मात्र क्रम चुकता कामा नये. नवा पॅच मंजूर होण्याआधीच जुना नाकारला, तर मशीनला दोन्हींपैकी एकही मिळत नाही.

आवृत्तीचा क्रमांक जुना म्हणजे सॉफ्टवेअर असुरक्षित, हे लिनक्सवर अनेकदा खोटे ठरते. रेड हॅट आणि डेबियन मूळ आवृत्ती कायम ठेवून फक्त सुरक्षेची दुरुस्ती तिच्यात आणतात. निव्वळ मूळ क्रमांक पाहणारा स्कॅनर अशा वेळी उगाच इशारा देतो. खरे उत्तर वितरकाच्या सुरक्षा-सूचनेत मिळते.

सीव्हीएसएस या गुणांकन-पद्धतीचे ० ते १० गुण त्रुटीची तीव्रता सांगतात, संस्थेला असलेला धोका नव्हे. इंटरनेटला उघड्या सर्व्हरवरची, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जाणारी ७ गुणांची त्रुटी बंदिस्त मशीनवरच्या ९ गुणांच्या त्रुटीआधी बुजवणे शहाणपणाचे.

सिंगापूरच्या बँकांसाठी धोका पाहून पॅच लावणे ऐच्छिक नाही. तिथल्या मौद्रिक प्राधिकरणाच्या, ६ ऑगस्ट २०२० पासून लागू झालेल्या सायबर स्वच्छतेच्या नियमांनुसार सुरक्षा-पॅच धोक्याच्या प्रमाणात ठरलेल्या मुदतीत लावावे लागतात. पॅच उपलब्ध नसेल, तर त्या त्रुटीचा धोका कमी करणारे दुसरे उपाय योजावे लागतात.