पेटीवरून टी-स्क्वेअरकडे

दिवाळीनंतर चार दिवस सवड काढून राजोडीला मावसबहिणीकडे गेले होते. नालासोपाऱ्याची गर्दी मागं टाकून पश्चिमेला निघालं, की केळी-नारळाच्या वाड्या लागतात आणि मग समुद्राचा वारा. बहिणीनं चहा ठेवला, राजेळी केळ्यांची सुकेळी बशीत पुढं केली आणि मी पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाली, "ताई, तूच सांग आता हिला काहीतरी. नऊ वर्षं पेटी शिकली. मध्यमा पूर्ण झाली. विशारद दोन पावलांवर आलंय. आणि आता म्हणते, मला आर्किटेक्ट व्हायचंय!"

भाची दाराआड उभी होती. यंदा दहावीला आहे. अकरावीला कला शाखा घ्यायची, संगीत विषय ठेवायचा, हे आईनं केव्हाच ठरवून टाकलेलं. बहीण स्वतः लग्नाआधी छान गायची. सासरी आल्यावर तानपुरा कपाटावर गेला तो गेलाच. म्हणून तिचा जीव किती अडकला होता, ते मला समजत होतं. पण पोरीचंही ऐकायला हवं होतं ना?

"तुझ्या डोक्यात हे आलं कुठून गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मावशी, घरामुळं."

त्यांचं जुनं घर कौलारू होतं. दोन वर्षांपूर्वी ते पाडून स्लॅबचं बांधलं. ऐसपैस हॉल, चकचकीत लाद्या, गुळगुळीत भिंती. पहिल्या दिवशी तिनं हॉलमध्ये पेटी उघडली आणि सूर घुमायला लागले. एक सूर विरायच्या आत दुसरा त्यावर चढायचा. पलटे वाजवले की नुसता कल्ला. तिला वाटलं पेटीच बिघडली. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे नेली, तर त्यानं तासाला पैसेही न घेता परत पाठवली. पेटी ठणठणीत होती, बिघडली होती ती खोली!

आता हे आपल्यापैकी कितीजणींच्या घरात झालं असेल! जुन्या घरात कौलांच्या फटी, लाकडी वासे, माळ्यावरची अडगळ, दांडीवरची गोधडी, हे सगळं आवाज पिऊन घेत असे. सिमेंटची सपाट भिंत आणि लादी तो जसाच्या तसा परत फेकते. नव्या घरात टीव्ही मोठा लावूनही शब्द नीट कळत नाहीत किंवा माणसं उगाच ओरडून बोलतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. उपाय साधा आहे. खिडक्यांना जाड, चुण्यांचे पडदे लावा, जमिनीवर सतरंजी किंवा जाजम घाला, एका भिंतीशी पुस्तकांचं उघडं कपाट ठेवा. समोरासमोरच्या दोन्ही भिंती मोकळ्या ठेवू नका. भाचीनं तर आजीच्या दोन गोधड्याच भिंतीवर टांगल्या. पाहुणे हसले, पण पेटी पुन्हा गोड वाजायला लागली.

"पण मावशी, घर बांधणाऱ्याला हे आधी कळायला नको होतं का?"

या प्रश्नावर मला डॅनियल लिबेस्किंड आठवले. त्या रात्री मायलेकींना त्यांची गोष्ट सांगितली, तीच इथं सांगते.

लिबेस्किंड यांचा जन्म 1946 सालचा, पोलंडमधल्या वूच शहरातला. आईवडील ज्यू. दोघांनीही रशियातल्या छळछावण्या भोगलेल्या, आणि घरातले कितीतरी नातेवाईक नाझींच्या हातून गेलेले. मुलाला संगीताची ओढ होती. पियानो घ्यायचा, तर तो चौकातून सगळ्यांच्या देखत वर न्यावा लागणार, आणि ज्यूंच्या घरी पियानो आला हे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणार. म्हणून आईवडिलांनी पेटाऱ्यात मावणारं अकॉर्डियन आणलं. वाद्याची निवडसुद्धा अशी भीतीपोटी झालेली!

अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची परदेशी चुलतबहीणच. दोन्हींत भात्याची हवा आणि पितळी-पोलादी पट्ट्यांचे सूर. फरक एवढाच, की पेटी आपण पुढ्यात ठेवतो आणि अकॉर्डियन छातीशी उभं धरतात. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी ते सिनेमाच्या गाण्यांतून घरोघरी पोचवलं, त्यामुळं आवाज तर आपल्या ओळखीचाच.

मुलगा विलक्षण निघाला. सातव्या वर्षी, 1953 साली पोलंडच्या टेलिव्हिजनवर वाजवलं. 1957 साली कुटुंब इस्राएलला गेलं. तिथं अमेरिका-इस्राएल सांस्कृतिक प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढं जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक झालेल्या लहानग्या इत्झाक पर्लमनबरोबर वाजवायची संधीही. पण परीक्षकांत बसलेले थोर व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न त्याला म्हणाले, की अकॉर्डियनमध्ये मिळवण्यासारखं तू सगळं मिळवलंस, आता पियानोकडे वळायला हवं. इथंच तर सगळं अडलं. वर्षानुवर्षं उभ्या पट्टीवर धावलेली बोटं आडव्या पट्टीवर वळेनात. तेरा वर्षांच्या मुलाला शाबासकी आणि रस्ता बंद झाल्याची बातमी एकाच वाक्यात मिळाली.

1959 साली सगळे बोटीनं न्यूयॉर्कला आले. वडील एका छापखान्यात लागले. आई डोरा, जिचं वूचमध्ये स्वतःचं काचोळ्या-कंबरपट्ट्यांचं दुकान होतं, ती कारखान्यात फरच्या कॉलरांना रंग देऊ लागली. दिवसभर राबून आलेली ही बाई रात्री स्वयंपाकघराच्या टेबलाशी मुलाबरोबर बसायची. मुलगा तेव्हा चित्रांच्या नादी लागला होता, हात दुखेपर्यंत रेघा ओढायचा. आईनं विचारलं, तुला चित्रकार व्हायचंय का? मग तिनंच त्याला समजावलं: वास्तुकला हा धंदाही आहे आणि कलाही, वास्तुकलेत राहून कला करता येते, पण नुसती कला करून घरं बांधता येत नाहीत. एका गळाला दोन मासे! लिबेस्किंड यांनी हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. मला त्या डोराबाईंचं फार कौतुक वाटतं. पोटाची चिंता आणि मुलाची हौस, दोन्ही एका ताटात वाढणं आपल्याला तरी कितींदा जमतं?

मुलगा न्यूयॉर्कच्या कूपर युनियन संस्थेत दाखल झाला. तिथं त्या काळी कुणाहीकडून शिकवणीची फी घेत नसत. नाहीतर कारखान्यात आणि छापखान्यात राबणाऱ्या आईबापांना हे शिक्षण कुठलं परवडायला! 1970 साली तो पदवीधर झाला. म्हणजे आता इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या असतील, असं वाटेल तुम्हाला. छे! पुढची जवळजवळ वीस वर्षं शिकवण्यात आणि कागदावर रेघा ओढण्यात गेली. 1983 साली त्यांनी अठ्ठावीस रेखाचित्रांचा एक संच केला, त्याला नाव दिलं 'चेंबर वर्क्स', म्हणजे घरगुती मैफिलीच्या रचनांसारखं. संगीत सुटलं म्हणतो आपण, पण ते असं सुटत नाही.

1989 साली बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाची स्पर्धा त्यांनी जिंकली. स्पर्धेचं टिपण त्यांनी स्वरलिपीच्या रेघांच्या कागदावर लिहून पाठवलं होतं. कल्पनाही संगीतातूनच उचललेली. आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराची 'मोझेस उंट आरोन' ही संगीतिका अपुरीच राहिली. तिसऱ्या अंकाला संगीतच नाही. ते उरलेलं मौन आपण इमारतीत पुरं करावं, असं त्यांच्या मनात होतं. म्हणून त्या संग्रहालयातून वरपासून खालपर्यंत मोकळ्या, काही न मांडलेल्या पोकळ्या काढल्या आहेत. जी माणसं शहरातून नाहीशी केली गेली, त्यांची ती जागा. गाण्यात सम येण्याआधीची शांतता ज्यानं अनुभवलीय, त्यालाच असं सुचावं.

यात त्यांच्या पत्नीचा, नीना यांचा वाटा किती, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या कॅनडातल्या राजकारणी घरातल्या, वडील डेव्हिड लुईस तिथल्या एका पक्षाचे नेते. लग्न 1969 चं. स्पर्धा जिंकली तेव्हा कुटुंब अमेरिकेला परतायच्या तयारीत होतं. इमारत खरोखर उभी राहायला हवी, तर बर्लिनमध्येच राहायला हवं, असं ठरलं. नीनाबाईंनी कधी वास्तुकाराचं ऑफिस पाहिलेलं नव्हतं. तरी ऑफिस चालवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. 1991 साली बर्लिनच्या सरकारनं संग्रहालयाची योजनाच रद्द केली. तेव्हा माणसं जोडून, पत्रं लिहून, दारं ठोठावून ती परत मंजूर करून घेण्यात नीनाबाई पुढं होत्या. संसार, मुलं आणि परकी भाषा सांभाळून, हं! 'यशस्वी पुरुषामागे स्त्री' वगैरे मला म्हणायचं नाही. त्या मागे नव्हत्या, त्याच टेबलाशी बसल्या होत्या.

आणि पहिली इमारत? ओस्नाब्रुक गावचं फेलिक्स नुसबाउम यांच्या चित्रांचं संग्रहालय. 1998 साली ते उघडलं तेव्हा लिबेस्किंड बावन्न वर्षांचे होते. बर्लिनची इमारत 1999 साली पुरी झाली आणि ती रिकामी असतानाच लाखो लोक पाहून गेले. आतल्या वस्तूंसह ती 2001 साली उघडली. 2003 साली न्यूयॉर्कच्या पाडल्या गेलेल्या जागतिक व्यापार केंद्राच्या जागेचा आराखडाही त्यांचाच निवडला गेला.

बहीण सगळं ऐकून म्हणाली, "बावन्न? आणि तोवर खायचं काय?"

अगदी रास्त प्रश्न. मी तिला खोटा धीर दिला नाही. आपल्याकडे वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. 1972 च्या कायद्याप्रमाणे पदवीनंतर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही. पाच वर्षांची फी, शिवाय कागद, पुठ्ठे, नमुने, संगणक यांचा खर्च. रात्र रात्र जागून कागद पुरे करायचे, आणि सकाळी सरांनी एका रेघेत ते मोडीत काढायचे! सुरुवातीचा पगारही बेताचाच असतो. मुलींना बांधकामाच्या जागेवर ऐकून न घेणारे मुकादम भेटतात, तेही खरं. पण वाट मुलींसाठी नवी नाही. पेरिन मिस्त्री यांनी 1936 सालीच मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली होती.

आणि एक महत्त्वाचं, जे बहिणीला ठाऊकच नव्हतं. या अभ्यासक्रमाला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, आणि 'नाटा' ही अभिरुची परीक्षा द्यावी लागते. (नियम बदलत असतात, त्या त्या वर्षी परिषदेचं माहितीपत्रक पाहून घ्यावं.) म्हणजे येत्या जूनमध्ये हौसेनं कला शाखा घेतली, तर पुढं पोरीचं मन कितीही असलं तरी दार बंद. उलट विज्ञान घेऊन बारावीनंतर संगीताकडे यायला कुणीच अडवत नाही.

"म्हणजे विशारद राहिलंच," बहीण हळूच म्हणाली.

"राहत नाही गं आई," भाची पहिल्यांदाच पुढं आली. "मी परीक्षा देणार आहे. उशिरा देईन."

बहीण काही बोलली नाही. उठून आत गेली, भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं रागावली. पोरीनं पेटी पुढं ओढली आणि भाता सोडला. भिंतीवर त्या दोन गोधड्या अजून होत्याच, एकीची शिवण उसवून कोपरा लोंबत होता.

थोड्या वेळानं बहीण सुईदोरा घेऊन बाहेर आली. स्टुलावर चढून कोपरा शिवता शिवता मला विचारलं, "इथं गणिताची चांगली शिकवणी कुणाची आहे, तुला कुणी सांगितलंय का?"